बालकांना शरीरसुरक्षेचे शिक्षण : शाळा, घर आणि गाव यांची जबाबदारी

बालकल्याणाचा विचार करताना पोषण आहार, लसीकरण, पटनोंदणी आणि शाळेतील गळती हे विषय ग्रामसभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत सर्वत्र चर्चिले जातात. त्यांची नोंदपुस्तके असतात, उद्दिष्टे ठरलेली असतात आणि आढावाही नियमितपणे घेतला जातो. बालकाच्या आयुष्यावर तितकाच दूरगामी परिणाम घडविणारा एक विषय मात्र दीर्घकाळ संकोचाच्या पडद्याआड राहिला. तो म्हणजे बालकांचे लैंगिक शोषण आणि त्यापासून त्यांचे संरक्षण. "आपल्याकडे असे काही घडत नाही" अशी समजूत आणि "लहान मुलांपुढे असले विषय कशाला काढायचे" असा संकोच, या दोहोंमुळे या प्रश्नाकडे पाहण्याचेच टाळले गेले.

ही समजूत किती फसवी आहे, हे केंद्र शासनाच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखवून दिले. महाराष्ट्र व गोवा यांच्यासह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलून केलेल्या या पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी आपल्यावर एक वा अनेक प्रकारचे लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्ती बालकाच्या परिचयातील किंवा त्याचा विश्वास असलेल्या होत्या, आणि बहुसंख्य बालकांनी घडलेला प्रकार कोणालाही सांगितलेला नव्हता.

या निष्कर्षांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. हा धोका मुलींपुरता मर्यादित नाही. तो केवळ अनोळखी माणसाकडून संभवत नाही. आणि त्याचे सर्वांत मोठे बळ बालकाच्या मौनात आहे. हे मौन सुटावे यासाठी बालकाला काही शब्द व काही नियम शिकवावे लागतात. परंतु बालकाने तोंड उघडल्यावर ऐकणारे मोठे माणूस नसेल, तर शिकविलेला धडा वाया जातो. म्हणून शरीरसुरक्षेच्या शिक्षणाचा एक पाठ बालकासाठी आणि दुसरा, अधिक कठीण पाठ मोठ्यांसाठी असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे उघडकीस आलेल्या प्रकरणाने हीच गोष्ट सर्वांपुढे आणली. पूर्वप्राथमिक वर्गातील दोन अजाण मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याची तक्रार पालकांनी केली. मुलींनी आपल्या परीने घरी सांगितले होते. तक्रारीची दखल घेण्यात जी दिरंगाई झाली, तिच्यामुळे २० ऑगस्ट रोजी लोकक्षोभ उसळून रेल्वे वाहतूक कित्येक तास ठप्प झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या वयात नीट बोलताही येत नाही त्या वयातील मुली बोलल्या. उशीर झाला तो मोठ्यांच्या जगात.

मूल गप्प का राहते?

बालकावर अत्याचार करणारी व्यक्ती बहुधा एकाएकी झडप घालत नाही. ती प्रथम मुलाचा आणि त्याच्या घराचा विश्वास संपादन करते. खाऊ, खेळणी, मोबाइलवरील खेळ, अभ्यासात मदत, गाडीवरून फेरी अशा मार्गांनी जवळीक वाढविली जाते. मग खेळाच्या वा लाडाच्या निमित्ताने स्पर्श सुरू होतो आणि त्याला "आपले दोघांचे गुपित" असे नाव मिळते. मूल अस्वस्थ होऊ लागले की धाक येतो. "सांगितलेस तर आई रागावेल", "तुझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही", "तूच तर आला होतास" अशी वाक्ये मुलाच्या मनात रुतविली जातात.

अशा वेळी मुलाची कोंडी अनेक बाजूंनी होते. जे घडले त्याला त्याच्याजवळ शब्द नसतो. ज्याने ते केले तो घरात मानाचा माणूस असतो. कधी त्याच्यावर मुलाची मायाही असते. आपण खाऊ घेतला, म्हणजे चूक आपलीच, असे त्याला वाटते. मुलगा असेल तर "रडतोस काय मुलीसारखा" हे वाक्य त्याने आधीच अनेकदा ऐकलेले असते. त्यातच "मोठ्यांचे ऐकावे, उलट बोलू नये" या आपल्या घरोघरीच्या शिकवणीला एकही अपवाद सांगितलेला नसतो. मोठ्यांविषयी आदर ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्या आदरात नकाराला जागाच नाही, तो मुलाला निःशस्त्र करतो.

चार पाठांची रूपरेषा

अंगणवाडीपासून प्राथमिक शाळेच्या चौथीपर्यंतच्या मुलांना हा विषय चार छोट्या पाठांत शिकविता येतो. प्रत्येक पाठ २० ते ३० मिनिटांचा असावा. रस्ता कसा ओलांडावा, विजेच्या तारेला हात का लावू नये, हे ज्या सहजतेने सांगितले जाते त्याच सहजतेने तो घ्यावा. मुलगे व मुली यांना एकत्र बसवावे. पाठ सुरू करण्यापूर्वी पालकसभेत त्याची कल्पना द्यावी, म्हणजे मुलाने घरी काही विचारले असता पालक गोंधळून जाणार नाहीत.

पहिला पाठ शरीराची ओळख हा होय. डोके, खांदे, पोट, गुडघे यांची नावे सांगताना छाती, ढुंगण, शिश्न, योनी ही नावेही त्याच सुरात सांगावीत. घरोघरी या अवयवांना निरनिराळी लाडकी नावे असतात आणि ती घराबाहेर कोणाला कळत नाहीत. मुलाने शिक्षकांना किंवा डॉक्टरांना काही सांगण्याची वेळ आली, तर शब्दाअभावी त्याचे सांगणे अर्धवट राहते. शिवाय ज्या अवयवाचे नावच उच्चारू दिले जात नाही, त्याविषयीची तक्रारही उच्चारता येणार नाही, असा धडा मूल न सांगता शिकते. नंदुरबारच्या पावरी, मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी व माडिया बोलणाऱ्या मुलांसाठी हा पाठ त्यांच्या बोलीतूनच घ्यावा. भीती आणि वेदना मूल प्रथम आपल्या बोलीतच सांगते.

दुसरा पाठ स्पर्शाच्या नियमाचा. "चांगला स्पर्श, वाईट स्पर्श" ही शब्दयोजना बरीच रूढ झाली असली तरी तिच्यात एक उणीव आहे. डॉक्टरांची सुई दुखते, पण ती मुलाच्या भल्याची असते. उलट गुदगुल्या करीत केलेला गैरस्पर्श मुलाला त्या क्षणी वाईट वाटेलच असे नाही. मग "मला वाईट वाटले नाही, म्हणजे मीही दोषी" असा सल त्याच्या मनात राहू शकतो. यासाठी सुरक्षित व असुरक्षित स्पर्श असे शब्द वापरणे आणि मुलाच्या भावनेपेक्षा एका स्पष्ट नियमावर भर देणे अधिक श्रेयस्कर ठरते.

तो नियम असा सांगता येईल : चड्डी-बनियनने झाकलेला भाग हा आपला खासगी भाग. स्वच्छतेसाठी घरचे माणूस किंवा आजारपणात, घरचे माणूस जवळ असताना, डॉक्टर यांच्याखेरीज कोणीही तो पाहू नये व त्याला हात लावू नये. कोणी आपला खासगी भाग आपल्याला दाखवू नये किंवा त्याला हात लावायला सांगू नये. कोणी तशी चित्रे मोबाइलवर दाखवू नयेत आणि आपली तशी छायाचित्रे काढू नयेत. हा नियम शेजारच्या दादाला, काका-मामांना, शिक्षकांना, घरातील माणसांना, सर्वांनाच लागू आहे. नियम मोडणारा कोणीही असो, चूक त्याचीच. मुलाची कधीच नाही.

युरोप परिषदेने २०१० मध्ये सुरू केलेल्या मोहिमेतही अंतर्वस्त्रांखालील भागाचा असाच सोपा नियम लहान मुलांसाठी पुढे ठेवला होता. तीन-चार वर्षांच्या मुलालाही तो समजतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

तिसरा पाठ गुपितांचा. आजीच्या वाढदिवसाला आणलेली साडी तिला आधी सांगायची नाही, ही गंमत. ती थोड्या दिवसांनी सर्वांना कळते आणि कळल्यावर सगळे हसतात. जे गुपित कधीच कोणाला सांगायचे नाही असे बजावले जाते, ज्यामुळे पोटात भीतीचा गोळा उठतो, जे मोडल्यास शिक्षा होईल असे सांगितले जाते, ते गुपित ठेवायचे नसते. स्पर्शाविषयीचे तर कोणतेही गुपित ठेवायचे नसते. अत्याचार करणाऱ्याचे मुख्य शस्त्र गुप्तता हेच असल्याने या पाठाला चारही पाठांत विशेष महत्त्व आहे.

चौथा पाठ कृतीचा : नाही म्हणा, तेथून निघा, सांगा. येथे केवळ उपदेश पुरत नाही. सराव करून घ्यावा लागतो. पुढील प्रकारचे छोटे संवाद वर्गात घेता येतील.

बाई विचारतात, "दुकानदार काका म्हणाले, गोळी देतो, तू एकटाच आतल्या खोलीत ये. काय करशील?"
"जाणार नाही, बाई."
"आणि ते म्हणाले, मी तर तुझ्या बाबांचा मित्र, मला नाही म्हणतोस?"
"तरी नाही म्हणणार."
"तू चुकून गेलास आणि त्यांनी नियम मोडला. वर बजावले, घरी सांगितलेस तर मार बसेल. मग?"
"तरी आईला सांगणार."
"आई कामात आहे, म्हणाली नंतर बघू. मग?"
"मग आजीला सांगणार. नाहीतर तुम्हांला."

शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम घातलेले आहेत. मूल एखादे वेळी नकार देऊ शकणार नाही, भीतीने जागच्या जागी थिजेल किंवा खाऊ घेऊन आत जाईलही. तसे झाले तरी दोष त्याचा नाही आणि सांगण्याचा मार्ग खुला आहे, हे त्याला कळले पाहिजे. ज्याला प्रथम सांगितले त्याने ऐकले नाही, तर दुसऱ्याला, तिसऱ्याला सांगत राहायचे, हेही शिकवावे. यासाठी मुलांना कागदावर आपल्या पंजाची आकृती काढावयास सांगावी आणि प्रत्येक बोटावर विश्वासाच्या एकेका मोठ्या माणसाचे नाव लिहून घ्यावे. पाचांपैकी किमान एक नाव घराबाहेरचे असावे. ज्या मुलाला पाच नावे सुचत नाहीत, त्याच्याकडे शिक्षकांनी अधिक लक्ष द्यावे. तो कागद पुष्कळ काही सांगून जातो.

शिकविताना घ्यावयाची काळजी

अशा पाठांनी मुले घाबरतील किंवा त्यांच्या मनात नको ते कुतूहल जागे होईल, अशी शंका पालक व काही शिक्षकही घेतात. या प्रश्नावर पुष्कळ संशोधन झाले आहे. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये, अनेक देशांतील शाळांत झालेल्या २४ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ५,८०२ विद्यार्थ्यांचा समावेश होता. असे शिक्षण मिळालेल्या मुलांचे या विषयाचे ज्ञान आणि धोक्याच्या प्रसंगी योग्य वागण्याची तयारी वाढल्याचे आढळले. त्यांच्या मनातील भीती किंवा चिंता वाढल्याचे आढळले नाही. मात्र अशा शिक्षणाने प्रत्यक्ष अत्याचार किती कमी होतात, हे या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. ही मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. चार वर्षांच्या मुलाने नियम पाठ केला म्हणून ते चाळीस वर्षांच्या माणसापासून स्वतःचे रक्षण करू शकेल, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. पाठ मुलाला बोलते करतो. रक्षणाचे काम मोठ्यांचेच राहते.

शिकविताना काही पथ्ये पाळावीत. घडलेल्या गुन्ह्यांचे तपशील मुलांना सांगू नयेत. चित्रांतून केवळ काळ्या चष्म्याचा अनोळखी माणूस दाखवू नये. त्यामुळे ओळखीच्या माणसाकडून होणारा धोका मुलांच्या ध्यानात येत नाही. "तुमच्यापैकी कोणाला असे झाले आहे का?" असा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. पाठ संपल्यावर शिक्षकांनी थोडा वेळ वर्गात थांबावे, कारण एखादे मूल त्याच वेळी जवळ येऊन काही सांगण्याची शक्यता असते. ऐकू न येणाऱ्या, दृष्टी अधू असलेल्या किंवा बौद्धिक वाढ मंद असलेल्या मुलांना दैनंदिन गोष्टींसाठी इतरांच्या स्पर्शावर अवलंबून राहावे लागते. म्हणून त्यांच्यासाठी हे पाठ बाहुल्या, चित्रे व खुणा यांच्या साहाय्याने पुनःपुन्हा घेणे अगत्याचे आहे. आश्रमशाळा आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे येथे आईवडील महिनोन्‌महिने दूर असतात. तेथील मुलांच्या पंजाच्या आकृतीत कोणाची नावे येतात, हा व्यवस्थापनाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न आहे.

घरातील वर्तनही या शिक्षणाला पूरक हवे. पाहुणे आले की "काकांना पापा दे, मांडीवर बस" असा आग्रह आपल्याकडे कौतुकाने केला जातो. मूल अंग चोरत असेल तर त्याला "लाजरे" म्हणून हसण्याऐवजी नमस्कार करू द्यावा. आपल्या अंगावर आपला अधिकार आहे, हे मूल अशा साध्या प्रसंगांतून शिकते. "नाही म्हण" असे शाळेत शिकवावयाचे आणि घरी त्याचा प्रत्येक नकार मोडून काढावयाचा, यातील विसंगती मुलांच्या लगेच ध्यानात येते. मुलग्यांना दुसऱ्याच्या नकाराचा मान राखण्याची सवयही याच वयात लागते. म्हणून हा पाठ उद्याच्या नागरिकाच्या घडणीचाही आहे.

मुलाने सांगितल्यावर

लहान मूल सरळ वाक्यात तक्रार क्वचितच करते. "मला त्यांच्याकडे शिकवणीला जायचे नाही", "ते काका मला आवडत नाहीत" अशा अर्धवट वाक्यांतून ते अंदाज घेते. कधी शब्दांऐवजी वर्तन बोलते. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, विशिष्ट व्यक्ती दिसताच मूल दडून बसते, झोपेत दचकते, शाळा टाळते, लघवीच्या जागी दुखते म्हणते किंवा वयाला न शोभणारी लैंगिक माहिती बोलण्या-खेळण्यातून दाखवते. यांपैकी एखाद्या लक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण त्यामागे दुसरी कारणेही असू शकतात. परंतु अशा मुलाशी निवांतपणे बोलण्याची गरज आहे, हे त्यावरून निश्चित समजावे.

मुलाने सांगावयास सुरुवात केली की मोठ्यांनी स्वतःचा चेहरा व आवाज शांत ठेवावा. आई किंचाळली, वडील संतापले, तर आपण काही भयंकर केले असे समजून मूल पुन्हा गप्प होते. "तू मला सांगितलेस हे फार चांगले केलेस", "तुझी काही चूक नाही", "माझा तुझ्यावर विश्वास आहे" ही तीन वाक्ये त्या वेळी औषधासारखी उपयोगी पडतात. "आधी का नाही सांगितलेस?" हा प्रश्न टाळावा. मुलाच्या तोंडी शब्द घालू नयेत. "त्याने इथे हात लावला ना?" असे न विचारता "मग काय झाले?" एवढेच विचारावे. शेजारी, नातेवाईक, मुख्याध्यापक अशा प्रत्येकासमोर मुलाला तीच कहाणी पुन्हा सांगावयास लावू नये. "मी कोणाला सांगणार नाही" असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी "ज्यांनी मदत केली पाहिजे त्यांनाच सांगेन" असे म्हणावे. प्रकार नुकताच घडला असल्यास वैद्यकीय तपासणीपूर्वी मुलाला आंघोळ घालू नये व कपडे धुऊ नयेत. संबंधित व्यक्तीला स्वतः जाऊन जाब विचारण्याच्या भरात पुरावा आणि मूल दोन्ही धोक्यात येतात.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सहभागी झाला. गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल अधिनियम करून त्यात बालकांवरील लैंगिक अत्याचारांचा समावेश केला आणि स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद केली. देशपातळीवर "लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२" १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अंमलात आला. पॉक्सो या नावाने तो सर्वपरिचित आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मग तो मुलगा असो वा मुलगी, या कायद्याच्या दृष्टीने बालक आहे. शिक्षक, रुग्णालयातील कर्मचारी, पोलीस, नातेवाईक अशा विश्वासाच्या स्थानावरील व्यक्तीने केलेला अपराध, तसेच १२ वर्षांखालील बालकावर झालेला अपराध अधिक गंभीर मानला जातो. २०१९ च्या सुधारणेने शिक्षा आणखी कडक करण्यात आल्या. कपड्यांवरून केलेला स्पर्श या कायद्यात बसतो काय, असा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या एका निर्णयामुळे उपस्थित झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो निर्णय रद्द केला आणि त्वचेला त्वचेचा स्पर्श आवश्यक नसून लैंगिक हेतू महत्त्वाचा आहे, असे स्पष्ट केले.

शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी ध्यानात ठेवावयाची मुख्य तरतूद कलम १९ ची आहे. असा अपराध घडल्याची माहिती असलेल्या किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. कळविण्यापूर्वी स्वतः चौकशी करून गुन्हा सिद्ध करावा, अशी कायद्याची अपेक्षा नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास संरक्षण आहे. माहिती दडविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्या हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात, तत्काळ व यथायोग्य माहिती देणे ही अत्यंत महत्त्वाची गोष्ट आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये बजावले. संस्थेची बदनामी टाळण्यासाठी बाळगलेले मौन हा स्वतःच एक अपराध ठरतो.

पुढील प्रक्रिया बालकाला सोसेल अशी असावी, याची काळजी कायद्याने घेतली आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, पालकांच्या किंवा विश्वासू व्यक्तीच्या उपस्थितीत घ्यावयाचा असतो. बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करावयाची असते आणि तातडीच्या उपचारासाठी कोणतेही पत्र वा कागद मागता येत नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समिती व विशेष न्यायालय यांना कळवावयाचे असते. सुनावणी बंद दालनात होते, तेथे बालकाला दरडावून प्रश्न विचारता येत नाहीत आणि त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. बालकाने दिलेली माहिती खोटी ठरली तरी त्याला शिक्षा करता येत नाही. पीडितांना अर्थसाहाय्य व पुनर्वसनासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना सुरू झाली.

गावाने काय करावे?

पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांत बालकांसाठी वयानुरूप शैक्षणिक साहित्य, मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि जनजागृती यांची तरतूद आहे. माहिती लावावयाच्या सार्वजनिक ठिकाणांत पंचायत भवनाचा उल्लेख प्रारंभीच येतो. महाराष्ट्रात शाळांसाठी २०२२ मध्ये सखी सावित्री समित्यांची योजना करण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये या समित्या, तक्रारपेट्या, सीसीटीव्ही कॅमेरे आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांबाबत शासनाने पुन्हा आदेश काढले. कॅमेरा शाळेच्या आवारात उपयोगी पडतो. घरात, शेतात, शिकवणीच्या खोलीत तो पोहोचत नाही. तेथे बोलणारे मूल आणि ऐकणारे गाव हीच व्यवस्था उपयोगी पडते.

या दृष्टीने ग्रामपंचायतीला फारसा खर्च न करता बरेच काही करता येईल. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीची बैठक कागदावर न राहता प्रत्यक्ष व्हावी. पंचायत, शाळा, अंगणवाडी आणि एस. टी. थांबा यांच्या भिंतींवर १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर ठळकपणे रंगवावा. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली ही विनामूल्य दूरध्वनी सेवा पुढे देशभर पसरली, आणि २०२३ पासून राज्य शासनांमार्फत चालविली जाऊन ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली. शाळेच्या स्वच्छतागृहांना आतून कड्या व पुरेसा उजेड आहे काय, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या सफाईची वेळ शाळा भरण्यापूर्वीची आहे काय, विद्यार्थी वाहतुकीच्या वाहनात मोठी स्त्री सोबत असते काय, हे समितीने स्वतः पाहावे. तक्रारपेटी ज्यांच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्यांच्याच हाती उघडली जाऊ नये. वर्षातून दोनदा पालकसभेत या विषयासाठी वेळ राखून ठेवावा आणि तिला वडीलमंडळींनाही बोलवावे.

एक गोष्ट मात्र पंचायतीने कटाक्षाने टाळली पाहिजे, आणि ती म्हणजे असे प्रकरण "गावातच मिटविणे". अब्रूच्या नावाखाली दोन्ही घरांना समोरासमोर बसवून, रक्कम ठरवून किंवा माफी मागावयास लावून प्रकरण संपविण्याचा अधिकार कोणालाही नाही. हा अपराध व्यक्तीविरुद्ध असला तरी समाजाविरुद्धही आहे. राजस्थानातील एका शिक्षकावरील खटला पालकांशी झालेल्या तडजोडीच्या आधारे रद्द करण्यात आला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा चालविण्याचा आदेश दिला. तडजोडीने मोठ्यांचा संकोच संपतो. मूल मात्र त्याच गल्लीत, त्याच माणसाच्या नजरेसमोर वाढत राहते, आणि सांगून काही उपयोग होत नाही हा धडा गावातील इतर मुलेही शिकतात.

लसीकरणाच्या नोंदवहीत प्रत्येक बालकाचे नाव असते आणि एकही मूल राहू नये म्हणून गावोगावच्या आशाताई व अंगणवाडीताई घरोघर फिरतात. शरीरसुरक्षेच्या पाठाकडे त्याच निष्ठेने पाहिले गेले पाहिजे. चार पाठ, एका पंजाची आकृती आणि भिंतीवरचा एक क्रमांक एवढीच त्याची साधने आहेत. अंगणवाडी व शाळेच्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या सत्रात हे पाठ दिले जावेत आणि त्याआधी, ते पाठ देणाऱ्या व ऐकणाऱ्या मोठ्यांची बैठक व्हावी. त्या बैठकीत प्रत्येकाने एकाच प्रश्नाचे उत्तर स्वतःशी निश्चित करावे : उद्या एखादे मूल आपल्याजवळ येऊन चाचरत काही सांगू लागले, तर पुढच्या तासाभरात आपण कोणता दूरध्वनी करणार आहोत?